औषधाचे दप्तर : आरोग्य-माहितीशास्त्राच्या मूलतत्त्वांना प्रस्तावना

इसवी सन १९०२ च्या ऑक्टोबर महिन्यात पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगप्रतिबंधक लस टोचून घेतलेल्या लोकांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. आणि ही लस मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली असल्यामुळे सगळा ठपका त्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वाल्देमार हाफकिन यांच्या माथी आला. त्या दिवशी गावात शंभरावर माणसांना लस टोचण्यात आली होती. परंतु दगावलेले सर्व जण एकाच बाटलीतील लस मिळालेले होते, आणि त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक घातलेला होता. हा क्रमांक नसता, तर संशय त्या दिवसाच्या साऱ्या लशीवर, किंबहुना लस टोचण्याच्या कल्पनेवरच गेला असता. क्रमांकामुळे तो एका बाटलीपुरता आकुंचित झाला. येथवर दप्तराने आपले काम चोख बजावले. पुढचा प्रश्न मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. बाटलीत दोष शिरला कोठे, परळला ती भरताना की मुलकोवालला ती उघडताना? बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता, ही गोष्ट कोणत्याही वहीत नमूद नव्हती व ती नमूद करण्याचा शिरस्ताही नव्हता. ती साक्षीपुराव्यातून बाहेर आली, आणि तिचे योग्य ते वजन होऊन हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावे लागले.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने आरोग्य-माहितीशास्त्राचा, म्हणजे ज्यास आज सर्वत्र हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स म्हणतात त्याचा, अभ्यास कोठून आरंभावा असे कोणी विचारले, तर मी या बाटलीकडे बोट दाखवीन. औषध जेथे तयार होते तेथे त्याची एक नोंद होते आणि ते जेथे रुग्णाच्या हाती पडते तेथे दुसरी होते, किंवा व्हावयास हवी. पहिली नोंद कायद्याच्या धाकाने व कारखान्याच्या शिस्तीने बहुधा नीटनेटकी असते. दुसरी, म्हणजे आपल्या काउंटरवरची, बहुधा नसते. या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या दुसऱ्या नोंदीसाठी आहे. त्यात संगणक पुष्कळ येतो, संकेतांक व प्रमाणके येतात, जाळी व विदागारे येतात. पण ही सारी सामग्री ज्या एका क्षणावर उभी आहे, तो क्षण गोळ्यांचा पत्ता कापून ग्राहकापुढे ठेवणाऱ्या माणसाच्या हातातला आहे, ही गोष्ट वाचकाने प्रत्येक प्रकरणात ध्यानी ठेवावी अशी माझी विनंती आहे.

दुसरी नोंद चांगली असली म्हणजे काय होते, याचा दाखला १९३७ सालच्या अमेरिकेत सापडतो. तेथील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकण्यासाठी ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवले, त्यास रास्पबेरीचा स्वाद दिला आणि ‘एलिक्सिर’ या नावाने बाजारात आणले. शंभरावर माणसे मेली; त्यांत कितीतरी मुले होती. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात औषध विकण्यापूर्वी त्याची सुरक्षितता सिद्ध करण्याचे बंधन नव्हते. सरकारला माल जप्त करता आला तो केवळ एवढ्याच सबबीवर की, ‘एलिक्सिर’ म्हटले म्हणजे त्यात मद्यार्क असलाच पाहिजे आणि या औषधात तो नव्हता! कायद्याची ही विटंबना बाजूला ठेवून त्या शोधमोहिमेकडे पाहावे. एकंदर २४० गॅलन औषध तयार झाले होते. निरीक्षकांनी पाठवणीची बिले, विक्रेत्यांच्या याद्या, दुकानांतील चिठ्ठ्यांच्या फायली असे एकामागून एक कागद चाळत, घरोघर हिंडत, त्यांपैकी २३४ गॅलन व वर एक पिंट माघारी मिळविले. जेथे दुकानदाराने चिठ्ठी जपून ठेवली होती तेथे बाटली सापडली. जेथे औषध कोणास दिले याची नोंदच नव्हती तेथे शोध करावा लागला तो माणसांच्या आठवणीवर भिस्त ठेवून. १९३८ चा नवा कायदा या प्रकरणातून जन्मला हे सर्वच पाठ्यपुस्तके सांगतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते कोणा अनामिक दुकानदाराच्या फाईलमधले ते कागद.

हे दूरदेशीचे व जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले, आणि त्या ग्लिसरीनमध्ये भेसळ निघाली तीही याच डायएथिलीन ग्लायकॉलची. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली, तेव्हा खरेदी, तपासणी व परवाने यांचे दप्तर कसे चालते हे महाराष्ट्राला उघड्या डोळ्यांनी पाहावे लागले. अर्धशतकानंतर तेच विष तीच वाट कशी धरते, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. माल कोठून आला, कोणी तपासला, कोणास दिला, या तीन नोंदी एकमेकींशी बोलत नसल्या म्हणजे असे होते. त्यांना एकमेकींशी बोलावयास लावणे, हेच या शास्त्राचे पहिले काम होय.

आता शास्त्राच्या गाभ्याकडे वळतो. औषधाविषयीची माहिती एकाच प्रकारची असते, असा समज विद्यार्थ्याच्या मनात घट्ट बसलेला आढळतो. वस्तुतः वैद्याने काय लिहिले, औषधशाळेतून काय दिले गेले आणि रुग्णाने काय घेतले, ही तीन निरनिराळी सत्ये आहेत, आणि ती तंतोतंत जुळल्याचे उदाहरण विरळा. चिठ्ठीवर तीस दिवसांचे औषध असते, ग्राहक दहा दिवसांचे पैसे देऊन दहा दिवसांचे नेतो, आणि त्यांतील पाच दिवसांचे घेतल्यावर बरे वाटू लागले म्हणून उरलेले कपाटात ठेवतो. पहिले सत्य रुग्णालयाच्या नोंदीत उतरते, दुसरे दुकानाच्या बिलात. तिसऱ्याला दप्तरच नाही. पुढे कोणी संशोधक या लाखो बिलांची बेरीज करून अमुक जिल्ह्यात अमुक प्रतिजैविक इतके ‘वापरले’ गेले असे लिहितो, तेव्हा तो दुसऱ्या सत्याला तिसऱ्याचे नाव देत असतो. समोरची संख्या या तिहींपैकी कोणत्या सत्याची आहे, हे विचारण्याची सवय लागली, तर या पुस्तकाचा निम्मा हेतू सफल झाला असे मी समजेन. रुग्णालयात दाखल होताना व घरी जाताना रुग्णाच्या सर्व औषधांची जी रुजवात घ्यावयाची असते, तिचेही मर्म हेच: तिन्ही सत्ये समोरासमोर आणून तफावत कोठे आहे ते पाहणे. हे काम फार्म.डी. अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या तरुणांकडे आपल्याकडेही हळूहळू येऊ लागले आहे. हा अभ्यासक्रम भारतात २००८ साली सुरू झाला.

नोंद करणे निराळे आणि केलेली नोंद उपयोगी पडेल अशा रीतीने लावणे निराळे, हे आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक होते. किर्दीत दिवसाबरहुकूम सगळे व्यवहार उतरवावयाचे आणि खतावणीत तेच व्यवहार खातेनिहाय फिरवावयाचे, ही त्यांची पद्धत. मजकूर एकच, मात्र प्रश्न बदलला की मांडणी बदलते. संगणकातील विदागार हे तत्त्वतः दुसरे काही करीत नाही. ते फक्त वाटेल तितक्या खतावण्या क्षणार्धात मांडून दाखविते. आज सकाळपासून काय विकले, या रुग्णाने वर्षभरात काय काय नेले, या बॅचचा माल कोणाकोणाकडे गेला, हे तीन प्रश्न म्हणजे एकाच किर्दीच्या तीन खतावण्या. तथापि किर्दीत जो रकाना नाही, तो कोणत्याही खतावणीत उपजत नाही. रुग्णाचे नाव ‘कॅश’ असे टाकून बिल फाडले की दुसरा व तिसरा प्रश्न कायमचा मिटला. आणि आपल्याकडची पत्ता कापून देण्याची रीत! दहा गोळ्यांच्या पत्त्यातील चार कापून दिल्या, तर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख कोणत्या तुकड्यावर राहिली? बहुधा दुकानातल्या. म्हणजे ५३-एन हा आकडा ज्याला सर्वांत अधिक हवा, त्याच माणसाला तो मिळत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात खपाने अग्रगण्य अशा ३०० औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड वा क्यूआर कोड सक्तीचा झाला आणि त्यात उत्पादक, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख इत्यादी तपशील येऊ लागला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे; कात्रीपुढे मात्र त्याचेही फारसे चालत नाही.

संकेतांकांचे प्रकरण विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते, याची मला कल्पना आहे. म्हणून येथे थोडे थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आश्रयाने नॉर्वेतील ऑस्लो येथील केंद्र १९८२ पासून औषधांचे एक वर्गीकरण सांभाळीत आहे, ज्यास एटीसी म्हणतात. त्यात प्रत्येक औषधाला सात अक्षर-अंकांचा संकेतांक मिळतो आणि तो पाच पायऱ्यांनी उतरत जातो. मेटफॉर्मिनचा संकेतांक ए१०बीए०२ असा आहे: ए म्हणजे पचनसंस्था व चयापचय, ए१० म्हणजे मधुमेहावरील औषधे, ए१०बी म्हणजे त्यांतील इन्सुलिनेतर, ए१०बीए म्हणजे बायग्वानाइड, आणि शेवटचे दोन अंक खुद्द मेटफॉर्मिनचे. यातील गंमत ॲस्पिरिनपाशी कळते. वेदनाशामक म्हणून त्याचा संकेतांक एन०२बीए०१. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज घ्यावयाच्या अल्प मात्रेतील ॲस्पिरिनचा बी०१एसी०६. आणि मुखरोगांवर स्थानिक उपयोगासाठी आणखी एक. रेणू एक, संकेतांक तीन! हा घोटाळा आहे असे समजणाऱ्याला वर्गीकरण कळलेच नाही. रसायनज्ञ रेणू पाहतो, वैद्य हेतू पाहतो, आणि हे वर्गीकरण मुख्यत्वे हेतूच्या बाजूने उभे राहते. यास्तव ‘ॲस्पिरिन किती खपले’ असा प्रश्न टाकण्यापूर्वी कोणत्या ॲस्पिरिनविषयी विचारतो आहोत, हे आपले आपण ठरवावे लागते.

याच केंद्राने रूढ केलेले दुसरे माप म्हणजे निश्चित दैनिक मात्रा, डीडीडी. पॅरासिटामॉलची ती ३ ग्रॅम आहे. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या खपल्या की हिशेबात एक दिवस धरावयाचा. हे माप मोजणीसाठी आहे, रुग्णाला द्यावयाच्या मात्रेशी त्याचा संबंध नाही. बालकाला, वृद्धाला, यकृताच्या रोग्याला ते लावू पाहणारा विद्यार्थी परीक्षेत तर नापास होईलच, पण व्यवसायातही धोका उत्पन्न करील.

आपल्या देशात संकेतांकांची निकड अधिक तीव्र आहे, कारण आपला बाजार ब्रँडांच्या नावांवर चालतो. सर्दीसाठी एक मिश्र गोळी, अंगदुखीसाठी दुसरी, तापासाठी तिसरी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल, असे पुडके घेऊन जाणारा ग्राहक कोणी पाहिला नाही? दुकानातील संगणकाला जर केवळ ब्रँड, कंपनी व किंमत एवढेच ठाऊक असेल, तर त्याच्या लेखी या तीन परस्परांशी संबंध नसलेल्या वस्तू होत. घटकद्रव्यांचे संकेतांक त्याच्यात भरलेले असतील, तर तो तत्क्षणी सूचना देईल. माहितीच्या अभावी यंत्र निर्बुद्ध असते, हे तर उघडच. पण आपल्या बहुतेक दुकानांतील संगणकप्रणाल्या मालसाठा व कर यांच्या हिशेबासाठी बेतलेल्या आहेत आणि रुग्ण हा त्यांत नंतर आलेला पाहुणा आहे, ही गोष्ट मला अधिक चिंतेची वाटते.

यंत्राच्या सूचनांविषयी दोन शब्द. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्याने माणसे मृत्यू पावल्याची उदाहरणे अनेक देशांत नमूद आहेत. अशा ठिकाणी ‘रोज’ हा शब्द उमटताच काम थांबविणारा संगणक सोन्याच्या मोलाचा. परंतु तोच संगणक क्षुल्लक आंतरक्रियांसाठी दिवसभर घंटा वाजवीत राहिला, की माणूस न वाचताच सूचना मिटवू लागतो, आणि मिटवण्याचा हा सराव एके दिवशी मेथोट्रेक्सेटलाही लागू होतो. २००५ साली रॉस कॉपेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील एका अध्यापन-रुग्णालयातील संगणकीय औषधाज्ञांचा अभ्यास करून त्या प्रणालीमुळे सुलभ झालेल्या चुकांचे २२ प्रकार दाखवून दिले. त्यांतील एक तर खास आपल्या व्यवसायाशी निगडित आहे: पडद्यावर दिसणारी गोळीची शक्ती ही औषधशाळेने आपल्या साठवणीच्या सोयीने ठेवलेली होती, आणि वैद्य तीच रूढ अल्पतम मात्रा समजून चालत. कोठाराच्या मांडणीने खाटेवरच्या रुग्णाची मात्रा ठरावी, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा रकाना कोणता ठेवावा, त्यात काय दिसावे, काय आपोआप भरले जावे, हे प्रश्न संगणकतज्ज्ञावर सोपवून आपण मोकळे झालो, असे फार्मासिस्टने मानू नये.

कायद्याच्या बाजूस विस्तार करण्याचे कारण नाही. पुस्तकात त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. एवढे सांगितले म्हणजे पुरे की, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांनी आपल्याकडे नोंदवहीचा पाया फार पूर्वीच घातला, मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या एच-१ परिशिष्टाने काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी औषधे यांच्यासाठी वेगळी वही तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले, आणि २०१८ पासून क्षयरुग्णांची माहिती शासनास कळविणे औषधविक्रेत्यांनाही बंधनकारक झाले. या वह्या ज्या मनोवृत्तीने भरल्या जातात, ती मात्र बदलली पाहिजे. निरीक्षक येणार असे कळल्यावर एका बैठकीत महिन्याभराची वही लिहून काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. एकाच शाईत, एकाच वळणात. अशी वही संगणकात उतरविल्याने शास्त्र होत नाही.

औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा विषय मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. थॅलिडोमाइडमुळे व्यंगे घेऊन जन्मलेली हजारो बालके जगापुढे आल्यावर, विखुरलेल्या वैद्यांच्या मनातील संशय एके ठिकाणी जमा झाला पाहिजे ही जाणीव दृढ झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. स्वीडनमधील उप्साला येथे त्याचे जे भांडार आहे, त्यात आज तीन कोटींहून अधिक वृत्ते आहेत. भारतात या कार्याचा सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि पुढील वर्षापासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे त्याचे सूत्रचालन आले. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. असे वृत्त म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. तो केवळ संशय असतो, आणि संशय कळविण्यास पुराव्याची वाट पाहावयाची नसते. शंभर ठिकाणचे शंभर दुबळे संशय एकत्र आले की त्यांतून कधी कधी एक सबळ इशारा निघतो. तो इशारा निघतो की विरून जातो, हे शंभर जणांनी औषधाचे नाव, मात्रा, सुरुवातीची तारीख आणि जमल्यास बॅच क्रमांक लिहिला की नाही, यावर अवलंबून असते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाल्यापासून १४ अंकी आभा क्रमांकाच्या आधारे रुग्णाच्या नोंदी एका जागेहून दुसऱ्या जागी, त्याच्या संमतीने, नेण्याची व्यवस्था आकार घेत आहे. ती पूर्ण उभी राहिली, तर लिहिलेले आणि दिलेले ही दोन सत्ये एकत्र पाहता येतील. पण त्याबरोबर एक जबाबदारी येते, जिचा उच्चार २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याने केला असला तरी जिची खरी कसोटी तालुक्याच्या गावी लागते. औषधांची यादी हीच रोगाची कबुली असते. एचआयव्हीवरची, मनोविकारावरची, क्षयावरची औषधे कोणी नेली, हे दुकानातल्या पडद्यावर ग्राहकांच्या रांगेला दिसत असेल, तर सांकेतिक कुलुपांचा उपयोग शून्य. यादीतून नाव खोडले, तरी लहान गावात वय, गल्ली आणि तीन औषधे एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. म्हणून निनावी विदा हा शब्द वापरताना विद्यार्थ्यांनी गावाची लोकसंख्याही विचारात घ्यावी.

या पुस्तकात आयुर्वेदीय औषधांच्या नोंदींचा विचार अगदीच थोडा आला आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधिसंज्ञांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये दाखल झाला खरा. पण तो व्याधींचा आहे, कल्पांचा नाही, आणि काढा व भस्म यांची मात्रा कोणत्या मापाने मोजावी हा प्रश्न एका प्रकरणात उरकण्यासारखा नव्हे.

शेवटी अध्यापक-बंधुभगिनींना प्रात्यक्षिकासाठी एक सूचना. एखाद्या दुकानाच्या सहा महिन्यांच्या बिलांतून, नावे काढून व क्रमांक देऊन, मेटफॉर्मिन नेणाऱ्या काही ग्राहकांच्या नोंदी विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्या. प्रत्येकाने नेलेल्या गोळ्या किती दिवस पुरतील याचा हिशेब त्यांना करावयास लावावा. मध्ये दिवसांच्या फटी निघतीलच. मग त्या फटींची कारणे लिहावयास सांगावी: औषध चुकविले, दुसऱ्या दुकानातून घेतले, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाले, वैद्याने बदलले, गावाला गेला, रुग्णालयात होता, की वारला. ही कारणे समोरच्या नोंदीवरून एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, हे त्यांचे त्यांना कळू द्यावे, आणि त्यानंतर कोणता एक रकाना वाढविला असता तर त्यांतील किती कारणे निकालात निघाली असती, त्या रकान्याचे नाव काय ठेवावे, आणि संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवरच्या माणसाला तो भरण्यास किती वेळ लागेल, हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावे.